थर्मासातला वाल

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. किती जुना, ते माझ्या बुडावर छापलेले होते. परंतु माझ्या मालकीणबाई सुमित्राबाईंनी मला राखेने इतक्या मायेने घासले की जन्मसालासकट माझ्या कारखान्याचे नावही वाहून गेले. आता कोणी वय विचारले तर मी एवढेच सांगतो की नेरूळला एकही इमारत उभी नव्हती, तेव्हापासून मी सारसोळ्यात आहे.

माझे अंग पत्र्याचे आणि रंग पोपटी. आत एकीत एक अशा काचेच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये हवा काढून घेतलेली पोकळी आणि काचेला चांदीसारखा मुलामा. माझा धर्म साधा आहे. गरम दिले तर गरम परत करायचे, गार दिले तर गार. त्यात आपल्या पदरचे काही घालायचे नाही आणि काही चोरायचेही नाही. मी ऊब तयार करत नाही, मी ऊब राखतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच मुद्द्यावर माझ्यावर आळ येता येता राहिला.

१९७४ साली गोटीरामशेठ यांनी मला पनवेलच्या बाजारातून आणले. त्यांनी तरुणपण मिठागरावर आणि भाताच्या खाचरात काढले होते. मग नव्या शहरासाठी जमीन गेली. तेव्हापासून त्यांच्याकडे वेळ, पडवीतला झोपाळा आणि मिशी एवढेच उरले, आणि या तिन्हींची ते नीट निगा राखत. मिशी तर अशी, की चहा पिताना ती आधी दोन्ही बाजूंना सारावी लागे. मी झोपाळ्याच्या कडीखाली बसे. तासातासाने माझे बूच निघे, चहा ओतला जाई आणि शेठ म्हणत, "वाफ बघ अजून!" त्यांच्या आई बायजाबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की माझ्या पोटात निखारा आहे. मला गवताच्या गंजीजवळ ठेवलेले त्यांना मुळीच खपत नसे.

ती माझी कौतुकाची वर्षे. गावात दुसरा थर्मास नव्हता. बाळंतिणीला गरम पाणी हवे, मला बोलावणे. दवाखान्यात पडलेल्याला पेज न्यायची, मला बोलावणे. पहाटेच्या भरतीला होडी निघाली की चहा भरून मी होडीत. परत येताना मला मासळीचा वास लागलेला असे, पण सुमित्राबाई होत्या आणि राख होती.

मग १९८२ साली घरात दुसरा थर्मास आला. प्लास्टिकचा, पांढरा आणि त्यावर गुलाबी फुले. शेठांची एकुलती मुलगी पुतळा लग्नाची झाली होती, तिच्या रुखवतात मांडण्यासाठी त्याला आणले होते. त्याच्यात कोणी कधी चहा भरला नाही. तो कपाटावर बसून नुसता दिसत असे, आणि येणारे-जाणारे त्याचेच कौतुक करत. मी खाली झोपाळ्याशी राबत असे. मला मत्सर वाटला असे मी म्हणणार नाही. पण त्याचे बूच घट्ट बसत नाही हे मला पहिल्या दिवशीच दिसले होते आणि त्याचा मला आनंद झाला होता.

आता गुरुजींबद्दल. अरविंद गुरुजी दापोलीकडचे. वय पंचवीस-सव्वीस, अंगाने काडी, आणि नाकाखाली नुकतीच जमू लागलेली मिशी. गावच्या शाळेला खोली एक आणि वर्ग सात. सहा वर्ग कसेबसे आत मावत. सातवीची वीस मुले मात्र बाहेर, आमच्या पडवीच्या भिंतीच्या सावलीत गोणपाटावर बसत. सावली सरकली की वर्ग सरके. दुपारी साडेतीनला सावली संपे आणि त्याबरोबर भूगोलही संपे. सातवीला छप्पर मिळावे म्हणून गुरुजी दोन वर्षे शेठांकडे पडवी मागत होते. शेठ दर वेळी झोपाळ्याला एक पाय देत आणि म्हणत, "बगू."

डिसेंबर १९८३ची ही गोष्ट. त्या दिवशी भिंतीपलीकडे श्वसनाचा पाठ चालला होता.

"मुलांनो," गुरुजी सांगत होते, "आपण भात खातो, मासळी खातो. ते पोटात पचतं आणि रक्तातून शरीरातल्या प्रत्येक पेशीपर्यंत जातं. श्वासातून घेतलेला ऑक्सिजनही तिथेच पोचतो. आणि त्या इवल्याशा पेशीत अन्न जळतं. ज्वाळा नाही, ठिणगी नाही; हळूहळू, एकेका पायरीने. त्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण चालतो, बोलतो, आणि आपलं अंग ऊबदार राहतं तेही त्यामुळेच. जिवंत आहे त्या प्रत्येकाच्या पेशीत हे चालू असतं. तुमच्या घरच्या वालाच्या दाण्यातसुद्धा."

झोपाळा थांबला. शेठांनी भिंतीवरून डोके काढले.

"गुरुजी, पोराना काय पन सांगू नका. मी पन्नास वर्सं भात खातंय. माज्या आंगान चूल पेटलीय आन् मनाच ठाव नाय? मंग धूर कुठं जातो?"

"नाकातून, शेठ," गुरुजी म्हणाले.

वीस मुले खो खो हसली आणि शेठांचा चेहरा मिरचीसारखा झाला. गुरुजींना ते हसणे महागात पडणार हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी धूर दाखवायचे ठरवले. शेठांच्याच पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवला, वरची स्वच्छ निवळी पेल्यात काढली आणि पपईचा पोकळ देठ देऊन शेठांना सांगितले, फुंका. शेठांनी मिशी सारून फुंकर घातली. पाण्यासारखी स्वच्छ निवळी बघता बघता दुधाळ झाली.

"हा तुमच्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड. अन्न जळालं की तो बाहेर पडतो. हाच तुमचा धूर."

शेठांनी पेला उजेडात धरला. "चुना पांढरा व्हनार नाय तं काय हिरवा व्हनार?"

शेठ रंगात आले. "बरा, धूर दाखवलाव. आता आग दाखवा. वाल बोललाव ना काल? वाल जलतो तं तो गरम का लागत नाय? आन् चिंबोरी? जिती चिंबोरी हातान घेतली तरी गारच."

"खेकडाही जळतोच, शेठ, पण मंद. आणि होईल ती ऊब लगेच पाण्यात, हवेत निघून जाते. ऊब दिसायला ती कोंडून धरणारं काहीतरी पाहिजे." गुरुजींची नजर पडवीभर फिरली आणि झोपाळ्याखाली येऊन थांबली. "हा थर्मास द्याल का आठवडाभर?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी विज्ञानासाठी मागितले नव्हते. माझे बूच जरासे ढिले झाले.

शेठांनी मांडीवर थाप मारली. "देतंय. गार वाल याच्यान आपल्या आपन तापला, तं ही पडवी सातवीला. नाय तापला, तं तुमची मिशी काडायची. पोपटला बोलवून, गावासमोर."

गुरुजींचा हात मिशीकडे गेला. पोपट हा गावचा न्हावी, आणि त्याचा वस्तरा गावात कोणी आवडीने आठवत नसे. पण गुरुजींची चिंता वस्तऱ्याची नव्हती. त्यांच्या गावाकडे बाप वारल्याशिवाय कोणी मिशी काढत नसे, आणि त्यांचे वडील चांगले धडधाकट होते. सुट्टीत मुलगा बिनमिशीचा एसटीतून उतरला असता तर अर्धी वाडी काही न विचारता रडायला लागली असती, आणि वडिलांना दारात उभे राहून आपण जिवंत असल्याचे सांगावे लागले असते. गुरुजींनी एकदा गोणपाटावरच्या वीस मुलांकडे पाहिले. सावली सरकल्यामुळे पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर ऊन आले होते.

"मान्य," ते म्हणाले.

रविवारी वाल भिजत घातला. सोमवारी त्याचे दोन भाग केले. एक भाग तसाच ठेवला. दुसरा उकळून काढला, म्हणजे त्यातला जीव गेला, आणि मग तो पूर्ण निववला. जिवंत वाल माझ्यात भरला आणि उकडलेला वाल त्या गुलाबी फुलांच्या थर्मासात. दोघांच्या तोंडाशी बुचाऐवजी कापसाचा बोळा बसवला, कारण जळायला हवा लागते आणि घट्ट बुचाखाली वाल गुदमरला असता. जिवंत वाल तापावा आणि मेलेला गार राहावा, अशी गुरुजींची मांडणी. शेठांनी अट घातली: "आता आयतवारपर्यंत कोनी हात लावायचा नाय. तुमीपन नाय." गुरुजींनी तालुक्याहून मागून आणलेली एकुलती एक तापमापी रुमालात गुंडाळून खिशात घातली. दोन्ही थर्मास पडवीच्या फळीवर ठेवले आणि सगळे पांगले.

मला फार अपमान वाटला. जन्मभर उकळता चहा सांभाळला, आणि आता थंडगार, ओलाकच्च वाल? तरीही मी नेमाने कामाला लागलो. गार दिला आहे, गार परत करीन.

मंगळवारी मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. वाल गार नव्हता. कोमट म्हणावा असाही नव्हता, पण दिला होता तसा नव्हता. मी घाबरलो. बाहेर थंडी होती, तेव्हा बाहेरची ऊब आत शिरली म्हणावे तर तेही जमेना. माझी काच तडकली का? मुलामा गेला का? बुधवारी तर दाण्यादाण्याला पांढरे मोड आले आणि आत चांगलेच गरम झाले. कोणी दाणा गप्प नव्हता. प्रत्येक दाणा आपल्यातला साठा मोडत होता, कापसातून झिरपणारी हवा घेत होता, मोड पुढे ढकलत होता, आणि या खटपटीत सुटलेली ऊब माझ्या भिंतीवर येऊन थांबत होती. एका दाण्याची ती किती असणार? पण हजारेक दाणे होते, आणि मी एकाचीही ऊब बाहेर जाऊ दिली नाही. मग मला कळले की माझे काही बिघडलेले नाही. जन्मात पहिल्यांदा मला कोणी गार वस्तू दिली होती आणि ती आपली आपण गरम झाली होती. मला त्या वालाचा फार अभिमान वाटला. पडवी गेली, असे मी मनात म्हटले.

गुरुवारी संध्याकाळी सुमित्राबाई आल्या आणि त्यांनी कापसाचा बोळा काढला.

यात त्यांचा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. मार्गशीर्षातला गुरुवार होता. सगळ्या घराचा उपास, आणि तो सोडताना ताटात मासळी चालत नाही. अशा दिवशी करावे गावाहून चांगुणाबाई न कळवता येऊन ठेपल्या. पुतळाला त्यांच्या मुलासाठी पाहायचे बरेच दिवस घाटत होते, त्या आपणहून आल्या आणि उपास सोडायला थांबते म्हणाल्या. मासळीवर जगणाऱ्या घरात मासळीवाचून पाहुणीला वाढायचे काय? बिरडे. पण बिरड्याला वाल भिजवून, मोड आणून, सोलायला दोन दिवस लागतात. सुमित्राबाई हात चोळत पडवीत आल्या आणि त्यांना फळीवर मी दिसलो.

गुरुजींची पैज त्यांना माहीत होती. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला मोड आलेला वाल दिसला की दुसरे काही दिसत नाही. "आगो बाय," त्या माझ्यात डोकावून म्हणाल्या, "मोड केवडं लांब झालं! आज नाय शिजवला तं कडू व्हईल." वाल वाया जाऊ नये, पाहुणी उपाशी राहू नये आणि गुरुजींचाही खोळंबा होऊ नये, असा त्यांनी तिहेरी विचार केला. माझ्यातला सगळा वाल परातीत ओतला. मग त्या गुलाबी फुलांच्या थर्मासातला उकडलेला वाल काढला, त्यातला निम्मा माझ्यात घातला, निम्मा त्याच्यात ठेवला आणि दोन्ही बोळे होते तसे बसवले. "शिजलेला झाला म्हनून काय झाला, तोपन वालच," असे स्वतःशीच म्हणून त्या आत गेल्या.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

स्वयंपाकघर पडवीला लागूनच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. चांगुणाबाई पाहुण्या असल्या तरी स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी परात पुढ्यात ओढली आणि पुतळाबरोबर वाल सोलायला बसल्या.

"कोंबट पान्यातून काडलास काय गो?" त्या म्हणाल्या. "बरा केलास. साल पटकन निगते."

सुमित्राबाईंनी "हां हां" केले आणि खोबरे वाटायला घेतले. त्या रात्री बिरडे असे झाले की चांगुणाबाईंनी तीनदा मागून घेतले, शेठांनी चारदा, आणि रविवारी नारळ-साखर घेऊन तारीख ठरवायला येते असे सांगून चांगुणाबाई निघाल्या. घरात आनंदीआनंद झाला. माझ्यात मेलेला वाल होता.

आणि मित्रांनो, त्या मेलेल्या वालाला लवकरच सोबत आली. हवेतून, परातीतून, सुमित्राबाईंच्या हातावरून डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि बुरशी आत पोचली होती. आयते शिजवलेले अन्न, ओलावा आणि राहायला माझ्यासारखे घर! त्यांनी जेवणावळ मांडली. जेवणारा कितीही लहान असला तरी तो जिवंत असतो, आणि जिवंत असला की त्याच्यातही तीच बिनज्वाळेची चूल पेटते. शनिवारी मी पुन्हा गरम होऊ लागलो. शेजारचा गुलाबी फुलांचाही झाला. वास काय सुटला होता ते मी सांगत नाही. खाडीच्या चिखलात वाढलेला मी, पण हे मलाही नवीन होते.

रविवारी सकाळी पडवी भरून गेली. सातवीची वीस मुले पुढे बसली. गावातले पुरुष ओट्यावर, बायका दारात. चांगुणाबाई नारळ-साखरेची पिशवी मांडीवर घेऊन पाटावर मानाने बसल्या होत्या. अंगणात पोपटने आपली पेटी उघडून वस्तरा पट्ट्यावर परजायला घेतला होता.

गुरुजींनी आधी पडवीतल्या हवेचे तापमान घेतले. "तेवीस." मग तापमापी माझ्यात खुपसली, थांबले, बाहेर काढून वाचली. "अठ्ठावीस!" मुलांनी आरडाओरडा केला. शेठांचा झोपाळा गप्प झाला. गुरुजींनी तापमापी पुसून, निववून, हसत हसत त्या गुलाबी फुलांच्या थर्मासात घातली. वाचली. पुन्हा वाचली. त्यांचे हसू गेले.

"किती?" शेठांनी विचारले.

"अठ्ठावीस."

"मेलेला वालपन तेवडाच!" शेठ उभेच राहिले. "मंग जिता आन् मेला यात फरक काय? थर्मासच गरम करतो असा बोला ना! पोपट, पानी घे."

ऐकलेत? थर्मासच गरम करतो म्हणे! नऊ वर्षांच्या इमानी नोकरीवर हा डाग.

गुरुजींनी घाईघाईने माझा बोळा काढला आणि वाल ताटलीत ओतला. पुढची ओळ एकदम मागच्या ओळीवर गेली. पडवीत दाणे टिपणारी कोंबडी आपणहून बाहेर पडली. गुरुजी मात्र ताटलीवर वाकून बघत राहिले.

"शेठ, हा मी भरलेला वाल नाही. याला मोडच नाहीत. हा उकडलेला आहे."

"हरलाव म्हनून वाल बदलला बोलताव काय?"

ओट्यावरचे पुरुष हसले. गुरुजींनी कोणाचे नाव घेतले नाही, कोणाकडे बोट दाखवले नाही. ताटली खाली ठेवली आणि अंगणात जाऊन पोपटसमोर पाटावर बसले. पोपटने त्यांच्या मिशीला पाणी लावले. सातवीची मुले चुळबुळायची थांबली. मला आठवते, त्या वेळी सावली पुन्हा सरकली होती आणि मला फार वाईट वाटत होते.

सुमित्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी पुतळाकडे पाहिले, मग चांगुणाबाईंच्या मांडीवरच्या नारळाकडे. खरे बोलावे तर ठरत आलेल्या सोयरिकीला सांगायचे की तुम्हाला शाळेच्या प्रयोगातला, इतका घाण वास मारणाऱ्या थर्मासातला वाल वाढला. न बोलावे तर समोर वस्तरा. त्यांनी पदर खोचला.

"पोपट, हात मागं घे. गुरुजी, उठा. वाल मी काडला. बेस्तरवारी. त्याचाच बिरडा केला."

शेठांच्या तोंडून एवढेच निघाले, "कंचा बिरडा? मी चारदा घेतला तो?"

सगळ्यांच्या माना चांगुणाबाईंकडे वळल्या. त्यांनी मांडीवरची पिशवी पाटावर ठेवली.

"मंग कोंबट पान्यातून नवता काडला?" त्यांनी विचारले.

"नाय, चांगुणाबाय. पान्याला नेलाच नाय. थर्मासातून थेट परातीन ओतला."

"मी माज्या हातान सोलला," चांगुणाबाई सावकाश म्हणाल्या, "चांगला गरम होता. शेकल्यासारका. मना वाटला पान्याचा."

गुरुजी ओल्या मिशीने ताडकन उठले. "काकी, गरम होता? नक्की?"

"आता मोड आलेला वाल गरम नसल काय?" सुमित्राबाईच उलट आश्चर्याने म्हणाल्या. "आमी फडक्यान बांदून ठेवताव, तवा पोटली नेमी गरम लागते. हात घातला का कलते."

"व्हय तं," दारातून एक आवाज आला. "आमचीपन लागते." मग दुसरा, मग दहा-बारा. सारसोळ्यातल्या झाडून सगळ्या बायकांना हे ठाऊक होते. त्यांच्या आयांना ठाऊक होते. एक आजीबाई तर म्हणाल्या की थंडीत त्या वालाची पोटली पायाशी घेऊन बसत.

"मंग बोललाव का नाय?" शेठ ओरडले.

"तुमी इचारलाव कदी?" सुमित्राबाई म्हणाल्या.

शेठांनी शेवटचा प्रयत्न केला. "मंग ह्यो मेलेला का तापला?"

"तो नाही तापला, शेठ. त्याला खाणारे तापले." गुरुजींनी ताटलीतल्या दाण्यांवरची करडी लव दाखवली. "ही बुरशी. जोडीला जंतू. हेही जिवंत. हे वाल खातात, हवा घेतात, आणि तुम्ही तापता तसेच तापतात. माझी चूक झाली, उकडलेल्या वालात जंतुनाशक घालायला हवं होतं. आणि तो गुरुवारचा वाल म्हणाल तर..." त्यांनी तापमापी शेठांच्या हातात दिली. "मुठीत घट्ट धरा. बाहेर तेवीस आहे."

शेठांनी मूठ आवळली. सगळे थांबले. तापमापी निघाली ती चौतीसवर.

"चार वाढण्या," चांगुणाबाई म्हणाल्या, "आजून जलतायत."

पडवी हसून हसून कोसळायची बाकी राहिली. शेठ मात्र हसत नव्हते. चांगुणाबाई खोटे बोलल्या म्हणावे तर सोयरीक मोडते. खऱ्या म्हणावे तर पडवी जाते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पाटावरच्या नारळाकडे पाहिले, पुतळाकडे पाहिले. मग छताला हात घालून झोपाळ्याची एक कडी स्वतः काढली.

"गोनपाट आत घ्या रं," ते मुलांना म्हणाले.

वीस मुले आत आली तेव्हा गुरुजींनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि पोपटने लावलेले पाणी ओघळले असे दाखवले. पोपट म्हणाला, आता आलोच आहे तर कोणाचीतरी करतो. म्हणून शेठांनी दाढी करून घेतली. लग्नाची तारीख तिथेच ठरली. गुलाबी फुलांच्या थर्मासाचा वास काही गेला नाही, त्यामुळे तो रुखवतात मांडला गेला नाही. याचे मला दुःख झाले असे मी म्हणणार नाही.

तेव्हापासून सारसोळ्यात बिरड्याला कोणी बिरडे म्हणत नाही. "आज काय केलाय?" "परयोग केलाय," असेच चालते. पुतळा करावेला सासरी गेली तेव्हा तिथेही हा शब्द तिच्याबरोबर गेला.

मी पडवीत विज्ञानाचे साहित्य म्हणून नेमला गेलो. दर डिसेंबरात माझ्यात वाल भरला जाई, आणि पुढे चार वर्षे मी सातवीच्या पोरांना आतली आग दाखवली. शेठ दाराशी बसून पाहुण्यांना समजावत, "पेशी म्हंजे लय बारीक चूल," आणि गुरुजींच्या चुका काढत. मग १९८८ साली शाळेला नवी इमारत मिळाली. पडवी पाडून तिथे शेठांनी चार मजली घर बांधायला काढले. सामान हलवताना मी हातगाडीवरून पडलो. आत खळ्कन आवाज झाला, एवढेच मला आठवते.

मित्रांनो, काच फुटलेल्या थर्मासाला कोणी विचारत नाही. मी नव्या शाळेच्या जिन्याखाली भंगारात वर्षभर पडून होतो. चहा धरता येईना, वाल धरता येईना. कोणी येता-जाता मला लाथ मारी आणि आतल्या काचा वाजल्या की हसे. शेवटी गुरुजींनाच मी सापडलो. आता त्यांच्या मिशीत दोन पांढरे केस होते, आणि वडील गावाकडे अजून धडधाकट होते. त्यांनी माझ्यातल्या काचा जपून काढल्या, बुडाला भोके पाडली, माती भरली आणि चार दाणे वाल पेरून मला खिडकीत ठेवले.

ऊब धरून ठेवणे आता मला जमत नाही. पण मातीत दाणा फुगला, त्याला मोड फुटला, तेव्हा ती जराशी ऊब मला पुन्हा लागली आणि पत्र्यातून निघून गेली. मी तिला अडवले नाही. आता वेल गजावरून वर गेला आहे आणि त्याला शेंगा धरल्या आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच. जुन्या वस्तूला लाथ मारू नका, तिच्यात माती तरी भरा. जेवण टाळू नका. तुमच्या आतल्या त्या चुलींना दुसरे कोणी सरपण घालणार नाही. आणि एखादी गोष्ट अडली, तर आधी स्वयंपाकघरात विचारून या.

काल सुमित्राबाई आजोळी शिकायला राहिलेल्या नातवाला शाळेत सोडायला आल्या होत्या. खिडकीशी थांबून त्यांनी मला ओळखले. माझ्या पत्र्यावरची धूळ पदराने पुसली, वेल निरखला, एक शेंग बोटांत धरून दाबून पाहिली. दाणा भरलेला होता. त्यांनी शेंग तोडली नाही. वर्गाच्या दारात गेल्या आणि आत फळ्यावर लिहिणाऱ्या गुरुजींना त्यांनी हाक मारली.

"गुरुजी, ह्यो वाल घेऊ, का कसला परयोग चाललाय?"